उन्हात ठेवलेले घड्याळ

हुलसूरच्या बाजारात कापडाच्या दुकानांची ओळ संपते, तिथे काशाप्पाचे फोटोचे दुकान होते. दुकानात एक खुर्ची होती. खुर्चीच्या मागे रंगवलेला पडदा. त्यावर तळे, तळ्यात दोन बदके आणि पलीकडे हुलसुरात कुणी कधी न पाहिलेला बर्फाचा डोंगर. १९५४ सालच्या उन्हाळ्यात त्या खुर्चीवर शेजारच्या पिंजाऱ्याची कोंबडी अंडी घालत असे, कारण तिथे बसून फोटो काढून घ्यायला कित्येक वर्षांत कुणी आले नव्हते. काशाप्पाला काम नव्हते असे नाही. काम बऱ्यापैकी होते, पण त्याची गिऱ्हाइके दुकानात येऊ शकत नव्हती. ती मेलेली असत.

काशाप्पा धनगराचा. बापाची मेंढरे एका साथीत गेली तेव्हा तो मिसरूड फुटलेला गडी होता. बिदरहून येऊन हुलसुरात दुकान थाटलेल्या मोईन मास्तरांकडे तो कामाला राहिला. मास्तर अंमलदारांचे, देशमुखांचे, शाळेच्या तपासनीसांचे फोटो काढत. काशाप्पा कॅमेऱ्याची पेटी आणि ती उभी करायचे तीन पायांचे तिकाटणे खांद्यावर घेऊन मागून चाले. हळूहळू तो सगळे शिकला. काच कशी भरायची, औषधात कशी धुवायची, काचेवरचे चित्र उन्हात कागदावर कसे उतरवायचे, सगळे. कॅमेऱ्यामागे डोके झाकायला मास्तरांकडे काळे मखमली कापड होते. काशाप्पा आपली घोंगडी वापरी आणि ती अधिक अंधार देते असे म्हणे. ते खरेही होते.

एक वस्तू मात्र मास्तरांनी त्याच्या हाती कधी दिली नाही. तळहातात मावणारी, काळी, एका अंगाला मधाच्या पोळ्यासारखी खाचाखाचांची काच आणि दुसऱ्या अंगाला काटा. काच उजेडाकडे धरली की काटा सरकायचा. उजेड जास्त, तर काटा पुढे. उजेड कमी, तर मागे. कॅमेऱ्याचे झाकण किती वेळ उघडे ठेवायचे ते त्या काट्यावरून ठरे. मास्तर तिला मीटर म्हणत. गावातले लोक उजेडाचे घड्याळ म्हणत.

१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मास्तरांचे गिऱ्हाईकच उरले नाही. ज्या अंमलदारांचे फोटो त्यांनी काढले होते, त्यांतले निम्मे बदलून गेले, निम्मे कुठे गेले ते कुणी सांगत नव्हते. पुढच्या साली लेकीला घेऊन हैदराबादला जायचे मास्तरांनी ठरवले. निघताना बैलगाडीत सामान चढत होते, तेव्हा त्यांनी कॅमेरा, पडदा, खुर्ची आणि ते घड्याळ काशाप्पाच्या हवाली केले.

"ले काशा, अब तेरा. मेरे कू हैदराबाद में कोन फोटू कू बुलाता?"

"मास्तर, हे चालतं कशावर?"

"उजाले पे चलता. न चावी, न बॅटरी का मसाला. उजाला मिल्या तो जागता, नइं मिल्या तो सोता."

एवढ्यात गाडीतून लेकीने हाक मारली आणि मास्तर गेले. मास्तर स्वतः ते घड्याळ कायम चामड्याच्या डबीत आणि डबी शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवत. काशाप्पाने ते दहा वर्षे पाहिले होते. चोरीच्या भीतीने ठेवत असतील, असा त्याचा समज होता.

उजेडावर चालणारी वस्तू अंधाऱ्या डबीत ठेवायची, हे त्याला पटेना. घरात गाद्यांना ऊन दाखवतात, डाळींना दाखवतात, लोणच्याच्या बरणीला दाखवतात. न दाखवले तर वस्तू खराब होते. त्याने डबी फळीवर ठेवून दिली आणि रोज सकाळी तोंड धुतले की घड्याळ पूर्वेच्या खिडकीत, काच सूर्याकडे करून ठेवू लागला. काटा सरसर जाऊन टोकाला टेकायचा. ऊन खिडकीवरून उतरेपर्यंत तो तिथेच असायचा. मग काशाप्पा समाधानाने ते उचलून घ्यायचा.

"जेवलं का तुमचं लेकरू?" म्हाळसाबाई, त्याची बायको, विचारायची. त्यांना मूल नव्हते.

"भरलं पोट," तो म्हणायचा.

मास्तर गेल्यावर पहिले बोलावणे आले ते शिवशंकरप्पांकडून. शिवशंकरप्पा धान्याचे आडते, गावातले वजनदार लिंगायत. त्यांचे वडील वारले होते आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता.

लिंगायतांत मृताला आडवे निजवत नाहीत. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, हार घालून मांडी घातलेल्या स्थितीत बसवतात. पाठीला फळी आणि कापडाचा आधार देतात. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. बसलेलेच वाजतगाजत नेतात आणि बसलेलेच मातीत ठेवतात. त्यामुळे मेलेला माणूस निदान काही तास सोप्यात, दाराकडे तोंड करून, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा बसलेला असतो. फोटो काढणाऱ्याला याहून सोयीचे काही नाही.

काशाप्पाने दार पूर्ण उघडायला लावले, घड्याळ म्हाताऱ्याच्या चेहऱ्याजवळ धरले, काटा पाहिला आणि झाकण काढले. सेकंद मोजायला त्याच्याकडे काही नव्हते. तो मनात 'बिरोबाच्या नावानं चांगभलं' म्हणे. एक चांगभलं म्हणजे साधारण एक सेकंद. घड्याळ जितकी सांगेल तितकी चांगभलं म्हणून झाकण लावायचे. सोप्यात उजेड कमी, त्यामुळे आकडा मोठा यायचा. पण समोरचा माणूस हलणार नव्हता. फोटो असा आला की पटक्याच्या विणीतले सूत दिसत होते. शिवशंकरप्पांनी तो चौकटीत घालून सोप्यात लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. म्हातारा जिवंतपणी इतका नीट कधी दिसला नव्हता, असे सगळे म्हणाले.

मग बोलावणी येऊ लागली. हुलसूर, आसपासची खेडी, कधी भालकीच्या बाजूचीही. एका घरी सोजराबाई नावाच्या बाईचा तरणा मुलगा गेला होता. काशाप्पाने त्याच्या तोंडापाशी घड्याळ धरले आणि त्याच वेळी कुणीतरी खिडकी उघडली.

"हालला! काटा हालला!" सोजराबाई ओरडली. "जीव हाय त्येच्यात! बघा की!"

तिला समजावायला घरातल्यांना फार वेळ लागला. त्या दिवसापासून काशाप्पा घड्याळाच्या काट्यावर तळहात आडवा धरू लागला.

तीन वर्षांत अशी स्थिती आली की काशाप्पा तिकाटणे खांद्यावर टाकून गल्लीतून निघाला, की ओट्यावरच्या बायका विचारायच्या, "कोन गेलं?" तो नुसता सुताराकडे तिकाटण्याचा पाय बसवून घ्यायला निघालेला असला तरी विचारायच्या. आया पोरांना आत ओढू लागल्या. ज्यांच्या घरचा फोटो त्याने काढला, ती माणसेही रस्त्यात दिसल्यावर दुसऱ्या बाजूने जात. कुणी त्याला वाईट बोलत नव्हते. नुसते जवळ येत नव्हते. दुकानातली खुर्ची तर मास्तर गेल्यापासूनच रिकामी होती.

याचा त्रास काशाप्पापेक्षा म्हाळसाबाईला जास्त झाला. काशाप्पाला निदान मेलेल्यांच्या घरी तरी बोलावत. तिला बारशाला, ओटीला, पापड लाटायलाही कुणी बोलवेना. एकदा ती शेजारच्या बारशाला आपणहून गेली. ती पाळण्याजवळ गेली तशी बाळाच्या आजीने पाळण्यावर पदर ओढला. म्हाळसाबाई घरी आली आणि लुगडी बांधायला बसली.

"कुठं निघालीस?" काशाप्पाने विचारले.

"खजुरीला. भावाकडं."

"कवा येशील?"

"जित्या माणसाचा फोटू काढा. त्यो मला दावा. मग येते."

हे १९५२ साल. खजुरी फार लांब नव्हती, पण म्हाळसाबाई बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. काशाप्पा दोनदा तिकडे जाऊन आला. तिचा भाऊ बिराप्पा त्याला जेवू घाली, मेंढरांच्या गोष्टी करी. म्हाळसाबाई भाकरी वाढायची आणि विचारायची, "काढला का?" तो मान हलवायचा. तिसऱ्यांदा तो गेला नाही.

घरी तो एकटा राहू लागला. सकाळी खिडकीत घड्याळ ठेवायचे, दुपारी उचलायचे. बोलायला दुसरे कुणी नसल्याने तो त्याच्याशी थोडे बोलत असे, असे पिंजारी सांगे. काटा आता पूर्वीसारखा सरसर जात नव्हता. टोकाला टेकायच्या आधीच थांबायचा. काशाप्पाला वाटले, ऊन पुरत नसेल. तो दुपारी ते पश्चिमेच्या खिडकीत ठेवू लागला.

१९५४ च्या चैत्रात शिवशंकरप्पांची मुलगी लिंगम्मा हिचे लग्न ठरले. नवरदेव भालकीचा. वऱ्हाडाला फोटो हवा होता, म्हणून सोलापूरचा फोटोवाला ठरला होता. लग्नाच्या आठवड्यात त्याचा निरोप आला की त्याला दुसरीकडे मोठे काम मिळाले आहे. शिवशंकरप्पांनी काशाप्पाला मागच्या दाराने बोलावून घेतले. बोलणे सुरू व्हायच्या आधीच आतून त्यांची म्हातारी आई गंगम्मा कडाडली.

"त्या मड्याच्या फोटूवाल्याला? माझ्या नातीच्या लग्नात?"

"आई, फोटू फोटूच असतोय की."

"त्येनं तुज्या बापाचा काढला त्यो काय लग्नाचा व्हता?"

"भालकीवाले वळकत न्हाईत याला," शिवशंकरप्पा म्हणाले. "सोलापूरचा म्हणून सांगू. काशा, मागच्या बोळानं ये. पेटी झाकून आण. आन् त्या तिकाटण्याला काहीतरी गुंडाळ. गल्लीत कुणी 'कोन गेलं' म्हणून इचारलं तर मी इथं वरमाईला तोंड कसं दाखवू?"

"येतो, अप्पा," काशाप्पा म्हणाला.

घरी जायच्या आधी तो मोटार अड्ड्यावर गेला. आळंदच्या बाजूला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला त्याने खजुरीला निरोप द्यायला सांगितला: लग्नाचा फोटो काढायचा आहे, सगळी जिती माणसे आहेत. दोन दिवसांनी त्याच कंडक्टरने उत्तर आणले.

"म्हणती, फोटू बघू, मग बघू."

लग्नाच्या दिवशी काशाप्पा घोंगडीत गुंडाळलेली पेटी घेऊन बोळातून शिरला, तेव्हा चुलाणापाशी बसलेल्या आचाऱ्याला वाटले कुणी गूळ घेऊन आला. गंगम्माने त्याला खालून वर पाहिले.

"आरं काशा, हितं कुनी मेलं न्हाई. जरा हसत ये की!"

मांडवात नवरदेवाचा मामा पुढे झाला. "सोलापूरचे का तुमी?"

काशाप्पा पेटीभोवतीची घोंगडी सोडू लागला.

"व्हय व्हय, सोलापूरचेच," शिवशंकरप्पांनी परस्पर सांगितले.

"सोलापूरला घोंगडी पांघरून फोटू काढतेत?"

"मोठ्या दुकानात तसंच असतंय."

मांडवाखाली सतरंजी टाकून दोन्ही घरची माणसे बसवली. मधे वधूवर. काशाप्पाने घोंगडीखाली डोके घातले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटे दिसते. डोकी खाली, पाय वर. त्या उलट्या गर्दीत त्याला एक बसणे ओळखीचे वाटले. लिंगम्मा ताठ मांडी घालून बसली होती. डावा हात मांडीवर, तळवा वर. नजर समोर, एका जागी. इष्टलिंग तेवढे हातात नव्हते.

तो घोंगडीतून बाहेर आला. "बाई, हात सोडून बसा. आरामात."

"असंच बसतेत की फोटूला," लिंगम्मा म्हणाली. "आज्जा बसलाय तसं."

तिने आयुष्यात एकच फोटो पाहिला होता. सोप्यातला. शेजारच्या पोरी खिदळल्या. गंगम्माने त्यांना डोळे वटारले, पण हात खाली घ्यायला नातीला तिनेही सांगितले नाही. बहुधा तिला काही गैर दिसले नाही. तो फोटो तीही रोज पाहत होती.

काशाप्पाने घड्याळ काढले. सवयीने त्यावर आडवा तळहात धरला आणि मग आठवून काढून घेतला. काटा जेमतेम जागचा सरकला. मांडवाचे कापड पातळ होते. बाहेर चैत्राचे ऊन डोळ्याला टोचत होते. काशाप्पाच्या डोळ्यांना इथे पुष्कळ उजेड दिसत होता, दोन चांगभलं पुरे होतील एवढा. घड्याळ आठ म्हणत होते. पण डोळे त्याचे होते आणि घड्याळ मास्तरांचे. त्याने आठ धरले.

"हालू नका," तो म्हणाला. पाच वर्षांत हे शब्द त्याला उच्चारावे लागले नव्हते.

झाकण निघाले. दोन चांगभलं सगळे स्थिर होते. तिसऱ्याला नवरदेवाने मुंडावळीखालचा घाम पुसला. चौथ्याला मामाने माशी उडवली. त्यानंतर शिवशंकरप्पा बाजूला वळून "झालं का?" असे पुटपुटले, गंगम्माला खोकला आला, मागे उभ्या असलेल्यांनी पाय बदलले. काशाप्पा मोजत राहिला. त्याला थांबता आले असते. तशी त्याला सवय नव्हती.

काच औषधातून निघाली ती डांबरासारखी काळी; उजेड जितका जास्त पडेल तितकी काच काळी होते. कागदावर उतरायला ती उन्हात इतका वेळ ठेवावी लागली की काशाप्पा मधे जेवून आला. मग चित्र दिसले. मांडवाचे खांब स्पष्ट होते. केळीचे खुंट स्पष्ट होते. माणसांच्या जागी धूर होता. नवरदेवाला दोन तोंडे होती आणि एकाही तोंडाला नाक नव्हते. त्या सगळ्या धुराच्या मधोमध लिंगम्मा बसली होती, शालूच्या काठाची नक्षी मोजता येईल इतकी नीट. डावा तळवा वर, नजर एका जागी.

काशाप्पाने फोटो दाखवायला नको होता. पण भालकीचा मामा त्यासाठी थांबला होता आणि पाहिल्याशिवाय जायला तयार नव्हता. त्याने पाहिले, खाली ठेवले आणि विचारले, "हा माणूस खरंच सोलापूरचा हाय का?" हुलसुरात तेव्हा उत्तर द्यायला पुष्कळ लोक होते.

संध्याकाळी शिवशंकरप्पा स्वतः दुकानात आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आत आले होते. खुर्चीवर कोंबडी होती, म्हणून उभेच राहिले.

"सगळे गेले आन् माझी लेक तेवढी राहिली. का तुझ्या गिऱ्हाइकांसारखी तीच तेवढी गेली? काय म्हणून घ्यायचं मी हे?"

"अप्पा, ती हालली न्हाई. बाकीचे हालले. एवढंच हाय."

"एवढंच? उद्या तिला नुसता ताप आला तरी भालकीवाले हाच कागद काढून बसतील." त्यांनी काचेकडे बोट दाखवले. "काच फोड. माझ्यासमोर फोड."

काशाप्पाने काच उंबऱ्यावर फोडली. शिवशंकरप्पांनी कागद स्वतः फाडला आणि ते गेले. लिंगम्मा पुढे भालकीला नीट नांदली, तिला मुले झाली, ताप वगैरे सगळ्यांना येतो तेवढाच आला. हे हुलसुराने लक्षात ठेवले नाही. फोटो लक्षात ठेवला.

काचेचे तुकडे गोळा करताना काशाप्पाने त्यातला एक खिडकीकडे धरला. आरपार काहीच दिसेना. मग त्याने फळीवरून जुन्या काचा काढल्या आणि खिडकीत ओळीने उभ्या केल्या. मास्तरांच्या वेळची काच चहाच्या रंगाची. शिवशंकरप्पांच्या वडिलांची थोडी गडद. सोजराबाईच्या मुलाची त्याहून गडद. गेल्या वर्षीच्या सगळ्या काळ्या. दर साली काच काळी होत गेली होती. दर साली तो कागद उन्हात अधिक वेळ ठेवत गेला होता आणि काचा विकणाऱ्याला शिव्या देत होता. मेलेल्यांचे फोटो तरीही स्वच्छ येत. झाकण कितीही वेळ उघडे राहिले तरी ते तक्रार करत नव्हते.

पुढच्या आठवड्यात तो घड्याळ घेऊन सोलापूरला गेला. फोटोचे सामान विकणाऱ्या दुकानात त्याने ते दुकानदारापुढच्या फळीवर ठेवले. दुकानदाराने आपल्याकडचा नवा मीटर काढून शेजारी ठेवला. एकच दार, एकच उजेड. नव्याचा काटा निम्म्यापुढे गेला. काशाप्पाच्या घड्याळाचा जागचा हलला न हलला.

"पाहुणं, ह्याला काय उन्हात ठेवलं होतं का?"

"रोज."

"रोज?"

"सकाळी पूर्वेला, दुपारून पश्चिमेला. उजेडावर चालतंय म्हणून."

दुकानदार आधी हसला आणि मग त्याचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "अहो, ही आतली पाटी असते ना, ती उजेडानंच झिजते. कामापुरता उजेड दाखवायचा, की लगेच डबीत. डबी दिली नव्हती का कुणी?"

"हाय डबी," काशाप्पा म्हणाला.

"आता काही होत नाही त्याचं. तुमच्या हातून फार सेवा झाली त्याची."

नवा मीटर त्याने घेतला नाही. घड्याळ खिशात घालून तो परत आला. घरी येऊन फळीवरची चामड्याची डबी शोधली, घड्याळ तिच्यात घातले आणि बटण लावले. डबीला अजून मास्तरांच्या अत्तराचा वास होता.

म्हाळसाबाई आली ती मृगाच्या आधी, एका दुपारी, बिराप्पाच्या बैलगाडीतून. काशाप्पाने दारातून गाडी पाहिली आणि धोतर सावरत बाहेर गेला. ती उतरली, पण तिच्या हातात गाठोडे नव्हते.

"हंडा आन् जातं न्यायला आलोत, दाजी," बिराप्पा खाली पाहत म्हणाला. "खजुरीला जातं फुटलंय."

म्हाळसाबाई घरात फिरली. चूल पाहिली, खिडकी पाहिली. "लेकरू कुठाय तुमचं?"

"डबीत. मेलं ते." त्याने सगळे सांगितले, काटा, काचा, सोलापूर. तिने हंडा पालथा करून बुडाला लागलेली काजळी पाहिली आणि म्हणाली, "मला इचारायचं की. लुगडं बी रोज उन्हात घातलं तर इटतंय. मग त्ये कसं न्हाई इटायचं?"

"तुला कुठं इचारू? तू खजुरीला."

तिने हंडा उचलून दाराशी ठेवला. बाहेर बिराप्पा जाते गाडीत चढवत होता. काशाप्पा दारात आडवा उभा राहिला.

"म्हाळसा, एकदा बस. खुर्चीवर. घड्याळ नको आता मला. डोळ्यानं काढतो."

"दाजी, नगं," बिराप्पा बाहेरून म्हणाला. "अक्का, नगं बसू. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणायचे ते म्हणून बसलेत," म्हाळसाबाई म्हणाली.

दोघे दुकानात गेले. तिने कोंबडीला हुसकले, अंडे उचलून पिंजाऱ्याच्या कट्ट्यावर ठेवले, पदराने खुर्ची पुसली आणि तळ्यातल्या बदकांपुढे बसली. काशाप्पाने दाराची दोन्ही फळकुटे उघडली. घोंगडीखाली जाऊन पाहिले. म्हाळसाबाई उलटी दिसत होती, पण ती म्हाळसाबाईच होती. कपाळावर आडवे कुंकू, नाकात मोरणी, हात गुडघ्यांवर. उजेड त्याने डोळ्यांनी तोलला. दोन चांगभलं.

"हालू नको."

त्याने झाकण काढले. पहिले चांगभलं संपायच्या आत म्हाळसाबाईने मान फिरवली. आधी दाराकडे, मग त्याच्याकडे, मग परत दाराकडे. सावकाश, ठरवून, नको म्हणताना माणूस हलवतो तशी. दुसरे चांगभलं झाले. झाकण लागले.

"हालू नको म्हणलं तर हाललीस कामून?"

ती उठली. "बसले न्हवं? काढला न्हवं तुमी?" पदर नीट केला. "निवांत बसायला मला अजून लई टाइम हाय."

"आता ऱ्हातीस का?"

तिने दुकानाबाहेर पाहिले. समोरच्या ओट्यावर दोन बायका बोलायच्या थांबून इकडेच पाहत होत्या. त्यांतली एक, म्हाळसाबाईशी नजर मिळताच, उठून आत गेली.

"तुमचं काय न्हाई ओ. तुमाला कुनीतरी बोलवतंय," म्हाळसाबाई म्हणाली. "मी हितं कुनासंगं बोलू?"

ती गाडीत बसली. गाडी वळणावर जाईपर्यंत जाते फळीवर आपटत असल्याचा आवाज येत होता.

काच या वेळी चहाच्या रंगाची आली, मास्तरांच्या वेळी यायची तशी. कागद उन्हात ठेवून काशाप्पा शेजारीच बसला आणि वेळेवर उचलला. खुर्ची स्पष्ट होती. बदके स्पष्ट होती. लुगड्याचा काठ, गुडघ्यांवरचे हात, चुडा भरलेली मनगटे, सगळे स्पष्ट होते. मानेच्या वर एक पांढुरका झपाटा होता आणि त्यात कुठेतरी मोरणीची चमक तीन ठिकाणी.

त्याने तो फोटो खजुरीला पाठवला नाही. चौकट करून दुकानात, पडद्याच्या शेजारी लावला. म्हाळसाबाई परत आली नाही. ती भावाकडेच राहिली, मेंढ्यांची लोकर कातायची आणि खजुरीतल्या प्रत्येक बारशाला जायची, असे कंडक्टर सांगे.

१९५६ च्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्य मोडले आणि हुलसूर म्हैसूर राज्यात गेले. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. भालकीहून एक तरुण फोटोवाला मोटारसायकलवर येऊ लागला; जिवंत माणसे त्याच्याकडे जात. काशाप्पाकडे पूर्वीचीच बोलावणी येत राहिली. तो घड्याळाशिवाय जाई, डोळ्यांनी उजेड तोली, घोंगडीखाली डोके घाली आणि मोजी. काचा चांगल्या यायच्या.

फोटो न्यायला येणारे दुःखातले लोक दुकानात कागद वाळण्याची वाट पाहत उभे राहत. खुर्चीवर कुणी बसत नसे. भिंतीकडे पाहता पाहता त्यांची नजर त्या बिनतोंडाच्या बाईवर जायची आणि ते हळू आवाजात विचारायचे, "ह्या कोन गेल्या?"

"कुनी न्हाई," काशाप्पा कागद उलटवत म्हणायचा. "जिती हाय ती. खजुरीला असती."